सेवा नको, शिकवणी लावा

परदेशातून दोन आठवडे ‘सेवा’ करायला येणारी पोरं आणि आम्ही सीएसआर-डेवाले इंजिनियर, फरक फक्त विमानाचा. सकाळी शाळेची भिंत रंगवायची, दुपारी मुलांसोबत सेल्फी, संध्याकाळी परत. भिंत गावातला रंगारीही रंगवतो, आणि आमच्यापेक्षा बरी रंगवतो. मजुरी मात्र त्याची बुडते.

आमच्या नगर जिल्ह्यातलं जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळेंनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. बाळंतपणं, जुलाब, पोरांची वजनं, सगळं त्यांनी सांभाळलं. आज परदेशी विद्यार्थी जामखेडला येतात ते शिकायला. पुढच्या सीएसआर-डेला मी ब्रश धरणार नाही. एचआरने जामखेडची बस काढावी, वह्या घेऊन बसू.