छातीचा फोटो आणि कंबरेचा सीटी

छातीचा फोटो काढा म्हटले, की आमच्या सास्तूर भागातील मंडळी ‘किरणे बाधतील’ म्हणून टाळतात. क्षयाचे निदान लांबते. तीच माणसे कंबर दुखली, की आपणहून सीटी स्कॅन करून येतात. हिशेब उलटा झाला! माती-आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणे सर्वांनाच मिळतात. छातीचा एक फोटो म्हणजे सुमारे ०.०२, तीन दिवसांइतका. कंबरेचा सीटी सुमारे ६, अडीच वर्षांइतका. यंत्र व शरीराच्या जाडीप्रमाणे आकडा कमीजास्त होतो. गरज असेल तर सीटी जरूर करावा, हौसेने नव्हे. १९९३ च्या भूकंपात मणक्याला मार बसलेल्यांनी तर जुने फोटो फेकू नयेत. नव्या डॉक्टरांना आधी तेच दाखवावेत. गरोदर भगिनींनी खोलीत जाण्यापूर्वीच तसे सांगावे.