वार्धक्यवेतन: भीक नव्हे, श्रमाचा हक्क

जबलपूरच्या विजय नगरात आणि देशातील अशा प्रत्येक वसाहतीत ज्यांनी पाया खणला, विटा वाहिल्या आणि पुढे त्याच घरांतून धुणीभांडी केली, ते हात आज थकले आहेत. याच शहरात 1904 पासून तोफगाडी कारखाना आहे; तेथील जुन्या कामगारांना निवृत्तिवेतन मिळते. बांधकाम मजुराला आणि मोलकरणीला मात्र साठीनंतर एकच दार उरते: सामाजिक सुरक्षा पेन्शनचा अर्ज.

राज्यघटनेच्या 41व्या अनुच्छेदाने वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क मान्य केला. पण 37व्या अनुच्छेदाने या तत्त्वांसाठी न्यायालयाचे दार बंद ठेवले. केंद्राची योजना यायला 15 ऑगस्ट 1995 उजाडावा लागला. तेव्हा दरमहा 75 रुपये ठरले, 2006 मध्ये 200 झाले. 2011 मध्ये वयाची अट साठीवर आली आणि ऐंशी ओलांडलेल्यांना 500 रुपये मिळू लागले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा मात्र त्या 200 रुपयांवरच गोठला आहे. बाजारातील डाळ आणि औषध गोठलेले नाही! मध्य प्रदेश सरकारने 2019 मध्ये आपली भर घालून रक्कम 600 रुपयांवर नेली. म्हणजे दिवसाला वीस रुपये.

महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेचे अनुदान 2023 मध्ये 1500 रुपये केले. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्याच दोन शहरांतील वृद्धांच्या पोटाची किंमत आज राज्याची सीमा ठरवते. जबलपुरात उमेदीची वर्षे झिजवून विदर्भातील गावी परतणाऱ्या मराठी मजुराला तिथे पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट आडवी येते. ज्याने दोन्ही राज्यांत घाम गाळला, तो दोन्हीकडे परका ठरतो.

अर्जाची वाटही सोपी नाही. समग्र आयडी, आधार, वयाचा पुरावा, दारिद्र्यरेषेचा दाखला, बँकेचे खाते, यांतील एका कागदावर नाव वेगळे पडले की अर्ज थांबतो. जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते आणि त्या अंदाजावर साठीचा हिशेब होतो. सिमेंटने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. श्रमाची खूण हीच अपात्रतेची खूण ठरावी, याहून क्रूर विसंगती कोणती? पन्नाशीत कंबर मोडलेल्या गवंड्याची स्थिती तर आणखी बिकट. केंद्राचे अपंग वेतन 80 टक्के अपंगत्वाचा दाखला मागते. मजुरी करवत नाही एवढे पुरत नाही.

सरकार म्हणते, पैसा नाही. जर्मनीने 2003 पासून वृद्धांना आणि कमाईची शक्ती गमावलेल्यांना गरजेनुसार किमान निर्वाह देण्याचा कायदा केला. तेथे मुलांचे वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंहून अधिक असल्याखेरीज त्यांच्याकडे बोट दाखवून अर्ज फेटाळता येत नाही. तो देश श्रीमंत आहे, हे खरे. परंतु निर्वाहाची रक्कम गरजेवरून ठरवावी, हे तत्त्व श्रीमंतीची वाट पाहत नाही. आपल्याकडे केंद्राने वार्धक्यवेतनाच्या लाभार्थ्यांचा आकडा सुमारे 2 कोटी 21 लाखांवर आधीच बांधून ठेवला आहे. म्हणजे गरज मोजून खर्च ठरत नाही. खर्च ठरवून गरज कापली जाते.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत: केंद्राचा वाटा महागाईशी जोडा, लाभार्थ्यांची मर्यादा काढा, बोटांचे ठसे न जुळल्यास पर्यायी ओळख स्वीकारा, स्थलांतरितांसाठी रहिवासाची अट शिथिल करा.

मागणीबरोबर काम हवे. मध्य प्रदेशात 2010 चा लोकसेवा हमी कायदा आहे. त्यानुसार अर्जाची पावती द्यावी लागते, मुदत पाळावी लागते. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंड होऊ शकतो. पण पावतीवाचून अपील दुबळे पडते. प्रत्येक शाखेने वस्तीतील वृद्धांची यादी करावी, त्यांच्यासोबत खिडकीपर्यंत जावे, पावती घेतल्याशिवाय परतू नये, नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. एकट्या म्हाताऱ्याला उद्या या म्हणून परत पाठवणे सोपे असते; संघटित वस्तीला तसे परतवणे सोपे नसते.