छापून मारलेला काटा

आमच्या मराठवाड्यात ‘कॅडबरी’ हे कंपनीचं नाव कधी नव्हतंच, ते पदार्थाचं नाव होतं. ‘चॉकलेट’ म्हणजे बरणीतली गोळी, आणि चांदीत गुंडाळलेली, तुकडे पाडून खायची ती कॅडबरी. आजही औरंगपुऱ्यातल्या दुकानात ‘अमूलची कॅडबरी द्या’ असं बिनदिक्कत मागणारे लोक मी बघते. दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

परवा अशीच एक कॅडबरी घरी आली. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. लेकीने कागद फाडला आणि म्हणाली, “आई, ही बारीक झालीय.” मी म्हटलं, तुझा हात मोठा झालाय. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकून निकाल दिला, “पूर्वीसारखी राहिली नाही. नुसतं गोड डालडा लागतंय.” नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, “पूर्वीसारखं काय राहिलंय?”

या एका वाक्याने खटला निकालात निघतो. कारण हे वाक्य आपण सगळ्याच गोष्टींवर शिंपडतो. गुलमंडीची इमरती पूर्वीसारखी नाही, उन्हाळा पूर्वीसारखा नाही, जावई पूर्वीसारखे नाहीत. इतक्या खोट्या तक्रारींत एखादी खरी तक्रार मिसळली, तर ती ओळखायची कशी? कंपन्यांना याहून सोयीचं गिऱ्हाईक कुठे मिळेल?

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं. तो हसला. “मॅडम, हम तो डब्बा खोलके बेचते. वजन हमकू कैकू पूछ रै?” बरोबर आहे त्याचं. त्याच्याकडे तराजू आहे, पण तो साखरेसाठी.

‘काटा मारणे’ हा शब्द आमच्याकडे लहान मुलालाही कळतो. कापूस घालायला गेलेला शेतकरी, उसाची गाडी घेऊन कारखान्यावर उभा राहिलेला शेतकरी, दोघांचं अर्धं लक्ष काट्याकडे असतं. मिठाईच्या दुकानात आपणही तेच करतो. पारड्यात खोकं ठेवून तर मोजत नाही ना, हे मान उंचावून बघतो. तिथे भाव वाढला तर आपण कुरकुरतो, पण किलो किलोच राहतो. पाकिटाच्या जगात नेमकं उलटं आहे. तिथे भाव खिळा ठोकल्यासारखा पक्का, पाच रुपये, दहा रुपये, आणि सरकतं ते वजन. मुलाच्या मुठीत जे नाणं मावतं तीच किंमत ठेवावी लागते, मग साखर महागो की दूध. पार्ले-जीचा छोटा पुडा वर्षानुवर्षं चार रुपयांवर राहिला. तो राहू शकला, कारण आतली बिस्किटं हळूहळू कमी होत गेली.

यात फसवणूक म्हणावी असं कायद्याने काही नाही. निव्वळ वजन पाकिटावर छापावं लागतं आणि ते छापलेलं असतं. म्हणजे काटा मारला जातो, पण छापून. आणि आपण तो वाचत नाही.

जिथे वजन कमी करायलाच जागा नसते तिथे काय होतं, याचं उदाहरण आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. मालेगावजवळचं रावळगाव. वालचंद हिराचंदांच्या साखर कारखान्यात १९४२ साली गोळ्या बनायला लागल्या. पुढे पान पसंद आली, मँगो मूड आली. रुपयाच्या गोळीतून किती काढणार? कच्चा माल, वीज, मजुरी सगळं वाढत गेलं, किंमत वाढवता येईना, स्पर्धक वाढले. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये नावं, पाककृती, हक्क असं सगळं २७ कोटींना रिलायन्सकडे गेलं. त्या दिवशी आमच्या शाळेच्या ग्रुपवर जो शोक झाला तो बघण्यासारखा होता. मी एकच विचारलं, शेवटची पान पसंद कुणी, कधी विकत घेतली होती? ग्रुप एकदम शांत.

खरा आरडाओरडा कधी झाला म्हणाल, तर २००३ च्या ऑक्टोबरात. दिवाळी तोंडावर, भेटीच्या डब्यांनी दुकानं भरलेली, आणि मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याची बातमी आली. तेव्हाचे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त उत्तम खोब्रागडे यांच्या खात्याने पुण्याच्या कारखान्यातला माल जप्त केला. कंपनी म्हणाली, दोष दुकानातल्या साठवणुकीचा. खातं म्हणालं, मग तुमचं वेष्टन काय कामाचं? दोघांच्या भांडणात दिवाळी गेली आणि विक्री जवळजवळ तीस टक्क्यांनी घसरली. आमच्या गल्लीत त्या वर्षी भाऊबीजेला सोनपापडीचे डबे इकडून तिकडे फिरले. आता वाटतं, तीच खरी शिक्षा होती.

कंपनीने मग ‘विश्वास’ नावाची मोहीम काढली, दीड लाखांहून जास्त दुकानांत माल कसा ठेवायचा ते समजावलं, आणि जानेवारी २००४ मध्ये नवं वेष्टन आणलं. चांदी आता उष्णतेने चिकटवून बंद, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं सीलबंद पाकीट. जाहिरातीत अमिताभ बच्चन. काही महिन्यांत लोक परत आले. अळी माफ झाली.

मला मात्र या प्रकरणातला दुसराच बदल लागला. जुन्या वेष्टनात वर कागद, आत सुटी चांदी असायची. दहावी-बारावीच्या निकालाला वडील चिकलठाण्याच्या कंपनीतून येताना एक कॅडबरी आणायचे. सहा माणसांत तिचे तुकडे व्हायचे आणि चांदी लिलावात जायची. ती अंगठ्याच्या नखाने घासून घासून अशी सपाट करायची, की एकही सुरकुती राहायला नको, आणि मग भूगोलाच्या पुस्तकात. चिकटवलेल्या चांदीला ते भाग्य नाही. ती फाटतेच. माझ्या लेकीला चांदी जपतात हेच माहीत नाही. पण या बदलाबद्दल मी कुठे तक्रार केली? कोणाकडे करणार? अळी नको होती, तर चांदी द्यावी लागणारच होती.

बाहेरच्या देशांत लोक अळीशिवायही भांडतात. न्यूझीलंडमध्ये २००९ साली कॅडबरीने डेअरी मिल्कमधलं थोडं कोको बटर काढून पाम तेल घातलं. लोकांनी इतका गदारोळ केला, ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयाने तर पाम तेलापायी तुटणारी ओरांगउटानांची जंगलं आठवून तो माल विकणंच बंद केलं, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने माफी मागून जुनी कृती परत आणली. ब्रिटनमध्ये २०१६ साली टॉब्लेरोन चॉकलेटच्या त्रिकोणांमधल्या फटी रुंद झाल्या, चारशे ग्रॅमची वडी तीनशे साठ झाली, आणि देशभर तमाशा झाला. दोन वर्षांनी जुना आकार परत आला. मला वाटतं, टॉब्लेरोनवाल्यांचं चुकलं ते इतकंच, की त्यांनी वजन दिसेल अशा ठिकाणाहून काढलं. दातांतली फट कुणालाही दिसते. वडी सगळीकडून दोन-दोन केसांएवढी खरवडली असती, तर कोणी ब्र काढला नसता.

चवीचं काय, तर सासूबाईंना मी सरसकट खोटं पाडणार नाही. कोको बटर साधारण अंगाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. स्वस्त वनस्पती चरबी तशी विरघळेलच असं नाही, टाळूला मेणासारखी चिकटून बसते. ती असली तर पाकिटावर लिहिलेली असते, पुन्हा त्याच मुंगीच्या अक्षरांत. पण आमच्या शहराचाही यात हात आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, माल टेम्पोत वितळतो, दुकानाच्या फ्रिजमध्ये पुन्हा थिजतो. मग वर पांढरट पापुद्रा येतो आणि लोक बुरशी म्हणून परत करतात. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते. त्या वडीची मऊ चव मात्र गेलेली असते. तेव्हा ‘पूर्वीसारखी नाही’ याचा अर्थ कधीकधी ‘गेल्या डिसेंबरसारखी नाही’ एवढाच असतो.

कंपन्यांचंही रडगाणं अगदी खोटं नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे पाऊस चुकला, झाडांना रोग लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये टनाचा भाव बारा हजार डॉलरच्या वर गेला. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी तो अडीच हजारांच्या आसपास होता. आमच्या कापूसवाल्यांना असा एक हंगाम मिळाला असता तर! पुढच्या वर्षी तो भाव बराच उतरला. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉकलेटवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. पण ‘अगं, ही जाड झालीय’ असं आमच्या घरात अजून कोणी म्हटलेलं नाही. झालीही असेल. वाढलेलं कोण मोजतं?

रविवारी मी हट्टाला पेटले. माझ्या जुन्या पुस्तकांचं गाठोडं माळ्यावरून काढलं. म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वीचं वजन आणि आजचं वजन समोरासमोर ठेवू, एकदा काय तो निकाल लागू दे. भूगोलाच्या पुस्तकात, पावसाच्या नकाशाशी, चांदी होती. गुळगुळीत, आरशासारखी. वजन तिच्यावर नव्हतं. ते वरच्या कागदावर छापलेलं असायचं, आणि कागद आम्ही त्याच दिवशी फेकलेला.

लेक तेवढ्यात केकचा काटा घेऊन आली, निदान आजची वडी तरी मोजू म्हणून. सासूबाईंनी तोवर आणखी एक ओळ संपवली होती.