सोपाऱ्याचा ब्रह्मदेव आणि सुत्तांतील ब्रह्मा



बोळिंजहून सोपाऱ्यास जाणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांनी चक्रेश्वर महादेवाच्या देवळापाशी असलेली ब्रह्मदेवाची जुनी पाषाणमूर्ती पाहिली असेल. त्याच सोपाऱ्यात बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखला जाणारा स्तूप आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आतील दगडी पेटीत मैत्रेयासह बुद्धांच्या आठ लहान मूर्ती निघाल्या. त्यांत ब्रह्मदेव नव्हता!

आपल्या बावीस प्रतिज्ञांतील पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू व महेश यांना नाकारणारी आहे. परंतु घरातले मूल बाबासाहेबांचाच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ उघडते आणि त्यात ब्रह्मा सहंपती भेटतो. मग शेजारी कुत्सितपणे विचारतो, "अखेर तुम्हांलाही ब्रह्मदेव लागलाच ना?" या प्रश्नाने गांगरून जाण्याचे कारण नाही. तेथे हात जोडून कोण उभा आहे, एवढेच पाहा. धम्म सांगा, अशी याचना ब्रह्मा करीत आहे आणि ती तथागतांपाशी करीत आहे.

केवट्टसुत्तातील ब्रह्म्याची तर त्रेधाच उडते. महाभूते नि:शेष कोठे लय पावतात, असे एका भिक्खूने त्याला विचारले. आपण सर्वज्ञ व सृष्टिकर्ते आहोत, अशी बढाई त्याने पुन:पुन्हा मारली. शेवटी भिक्खूला हाताला धरून बाजूला नेले आणि, देवांसमक्ष सांगता येत नव्हते, पण मला ठाऊक नाही, बुद्धांनाच विचार, अशी कबुली दिली. ब्रह्मजालसुत्तात या भ्रमाचे मूळच दाखविले आहे. रिकाम्या विमानात तो प्रथम जन्मला, एकटेपणाला कंटाळला, सोबत हवीशी वाटली. पुढे इतर जीव आपापले पुण्य सरल्यामुळे तेथे आले, तर याला वाटले, हे मीच निर्मिले!

हा भ्रम निरुपद्रवी नव्हता. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र, ही मनुस्मृतीची उतरंड त्याच्यावरच उभी आहे. आश्वलायन नावाच्या ब्राह्मण तरुणाने हा मुखजन्माचा दावा पुढे केला, तेव्हा तथागतांनी साधा सवाल केला: ब्राह्मण स्त्रियाही गर्भार राहतात, प्रसवतात, मुलांस दूध पाजतात, हे दिसत नाही काय?

ब्रह्मा हा शब्द मात्र धम्माने टाकला नाही. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांना त्याने ब्रह्मविहार म्हटले आणि आईबापांनाच ब्रह्मा म्हटले. तेव्हा भिंतीवरची तसबीर उतरवा. ग्रंथातले पान झाकू नका. मूल विचारील, तर ते पान त्याला मोठ्याने वाचून दाखवा.