माप दुकानदाराचे, कान गिऱ्हाइकाचे

भोरच्या बाजारपेठेतील वाण्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असावा लागतो. माप विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडले तर घेणाऱ्याचे काय होते, हे समाजाने फार पूर्वीच ओळखले आहे. तेच गिऱ्हाईक पुण्याच्या तापकीर गल्लीत घरासाठी स्पीकर घ्यावयास जाते, तेव्हा मात्र माप निमूटपणे दुकानदाराच्या हाती देते. तो लावील ते गाणे, तो ठेवील तेवढा आवाज, आणि त्यावर निवाडा!

दुकानात सहसा लागते ते दणदणीत ठेक्याचे चित्रपटगीत. त्यातील पुष्कळसे आवाज यंत्रानेच निर्माण केलेले असतात. ते मुळात कसे होते हे कोणी ऐकलेलेच नसल्याने स्पीकरने त्यांत काय घातले नि काय गाळले, हे कळावे कसे? शिवाय दोहोंपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, की कानाला तोच सरस वाटतो. खोक्यावर ‘पीएमपीओ’ या नावाने छापलेल्या हजारो वॅटच्या आकड्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

विकणाऱ्याला मालाची माहिती अधिक आणि घेणाऱ्याला कमी असली, की चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो, असे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. ध्वनियंत्रांच्या बाजारालाही ते लागू पडते. परंतु येथे ही उणीव भरून काढणे गिऱ्हाइकाच्या हाती आहे, आणि त्याला एक पैही पडत नाही. ऐकावयाचे गाणे त्याने घरून न्यावे.

या कामी भोर-वेल्ह्याकडचा माणूस शहरवासीयाहून उणा नाही. किंबहुना सरस आहे. कर्णा न लावलेल्या देवळात त्याने भजन ऐकलेले असते. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावल्यावर येणारा खोल घुमार त्याच्या कानांत असतो. हलका स्पीकर त्याचा नुसता ‘धप्प’ करून टाकतो. टाळाचा नाद आघातानंतर कितीतरी वेळ रेंगाळतो. तो जर पत्रा हलल्यासारखा वाजून लगेच विरला, तर ते यंत्र कितीही झगमगीत असले तरी खुशाल बाजूला सारावे. भजनी मंडळाची खरेदी वर्गणीच्या पैशातून होत असेल, तर ही परीक्षा टाळण्याचा कोणालाच अधिकार नाही.

शब्दांच्या परीक्षेला गीतरामायणासारखे साधन नाही. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या छप्पन्न गीतांतील शब्द असंख्य घरांना पाठ आहेत. सुधीर फडक्यांच्या मुखातील एखादे जोडाक्षर बोजड झाले, तर ते तत्काळ खटकते. विलंबित ख्यालाचा आरंभही सोबत असावा. आवाज अगदी बारीक करूनही गायकामागचा तानपुरा ऐकू येतो का, ते पाहावे. रात्री वाडीवस्तीवर कोणी मोठ्याने ऐकत नाही.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत थोडे तारतम्य हवे. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, म्हणून ती यंत्राची सर्व परीक्षा घेऊ शकेल असे नव्हे. त्या काळच्या मुद्रणाला मर्यादा होत्या. मात्र अशा एकमार्गी मुद्रणाचा एक वेगळाच उपयोग आहे. दोन स्पीकरांच्या बरोबर समोर, मध्यभागी बसले असता गळा दोहोंच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. तो एका अंगाला झुकला, तर जोडी जमलेली नाही असे समजावे.

तुलना करताना मुद्रण तेच, आवाज तेवढाच आणि वाजविणारे साधनही तेच हवे. एका स्पीकरला तबकडी आणि दुसऱ्याला मोबाइलवरून बिनतारी आलेले गाणे, हा न्याय नव्हे. ‘भजन लावून काय कळणार?’ असे म्हणून दुकानदार हसला, तर हसू द्यावे. तापकीर गल्लीत दुकानांना तोटा नाही. पुढचे दहा पावलांवरच असते.