परिच्छेदाचा कायदा कोणी केला?

एक परिच्छेद, एक विचार; आणि तो विचार सांगणारे वाक्य आरंभीच. इंग्रजी निबंधलेखन शिकवताना ही व्याख्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली जाते आणि तिच्या आधारे गुणही कापले जातात. ती इंग्रजी गद्याच्या स्वभावातूनच निघाली आहे, हा समज आम्हांस मान्य नाही.

मूळ ग्रीक शब्द 'पॅराग्राफॉस', म्हणजे बाजूला लिहिलेले. ओळीच्या आरंभाखाली, समासाकडे ओढलेली ती एक आडवी रेघ. शब्दांमध्येही जागा न सोडता लिहिलेल्या मजकुरात येथे काही बदलले आहे, नाटक असेल तर बोलणारा बदलला आहे, एवढेच ती वाचकाला सांगे. शब्द खुणेचा होता, मजकुराच्या तुकड्याचा नव्हे. (आपला 'परिच्छेद' मात्र छेदातून आलेला, 'साहित्यदर्पणा'चे दहा परिच्छेद ही तर दहा प्रकरणे आहेत.) वाक्यबंधाचा शेवट लयीवरून कळावा, लेखनिकाच्या या रेघेवरून नव्हे, असे ॲरिस्टॉटलने तेव्हाच बजावले होते.

मध्ययुगीन हस्तलिखितांत 'पिलक्रो' हे चिन्ह रूढ झाले. प्रकरण या अर्थाच्या 'कॅपिट्युलम' या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षरातून ते घडले. ते पुष्कळदा वेगळा कारागीर लाल शाईने रंगवी. आरंभीचे मुद्रकही त्यासाठी जागा कोरी ठेवीत. ती रंगवायची राहून गेली आणि पहिल्या ओळीआधीची आजची मोकळी जागा तिच्यातूनच आली, असे मानतात. या साऱ्यात 'एक विचार' कोठे आहे?

तो आला १८६६ साली, ॲबर्डीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांच्या 'इंग्लिश कॉम्पोझिशन अँड ऱ्हेटरिक' या पुस्तकातून. बेन तर्कशास्त्र शिकवीत, मानसशास्त्रावर लिहीत. त्यांच्या नियमांना त्या शिस्तीचा वास आहे. गंमत अशी की पहिले वाक्य उघडपणे प्रास्ताविक असेल तर त्याने विषय सांगितलाच पाहिजे असे नाही, एवढी सवड खुद्द बेन यांनी ठेवली होती. ती त्यांच्या अनुयायांनी काढून घेतली.

आणि लेखक प्रत्यक्षात काय करतात? अमेरिकन नियतकालिकांतले पंचवीस निबंध रिचर्ड ब्रॅडक यांनी तपासले. १९७४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद जेमतेम १३ टक्के. ज्यांचे गद्य नमुना म्हणून वर्गात वाचायचे, तेच या कसोटीवर नापास!

नवशिक्याला चौकट लागते, हा बचाव आम्ही ऐकला आहे. चौकट जरूर द्यावी. पण ती एका स्कॉटिश प्राध्यापकाने दीडशे वर्षांपूर्वी सुचवलेली सोय आहे, असे सांगून द्यावी. आणि ज्या विद्यार्थ्याने आपला मुद्दा चौथ्या वाक्यापर्यंत राखून ठेवला, त्याचे गुण कापण्याआधी ती पहिली तीन वाक्ये नीट वाचावीत.