अंदाजपत्रकात न दिसणारी उधारी : श्रीलंकेचा धडा आपल्या वर्गात



सार्वजनिक वित्त हा घटक आपण कसा शिकवतो? महसुली तूट म्हणजे काय, राजकोषीय तूट म्हणजे काय, दोन्हींतला फरक सांगा. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरून जातात. माझं मत असं आहे की या घटकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट व्याख्यांमध्ये येतच नाही. अंदाजपत्रकात छापलेली तूट सगळ्यांना दिसते, तिच्यावर चर्चाही होते. पण सरकारच्या डोक्यावर न छापलेली उधारीसुद्धा असते. ती अंगावर आली की तिची झळ शाळा, दवाखाना आणि गरिबाच्या चुलीला आधी बसते.

हे समजून घ्यायला शेजारच्या श्रीलंकेइतकं चांगलं उदाहरण नाही.

मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतात शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कारण काय? प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता, आणि कागद आयात करायला डॉलर नव्हते. जूनमध्ये इंधनाअभावी शाळाच बंद ठेवायची वेळ आली. ज्या देशाने १९४० च्या दशकातच मोफत शिक्षण सुरू केलं, साक्षरतेत नाव कमावलं, त्या देशाची ही गत झाली.

ही वेळ एका रात्रीत आली नाही. तीन गोष्टी समजून घेऊ.

पहिली गोष्ट कराची. २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. कर भरण्यासाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाख रुपयांच्या उलाढालीवरून थेट ३० कोटींवर नेली. लोक खूश झाले. कर कमी केल्यावर टाळ्या मिळतातच! पण देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत करवसुली सुमारे १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या आसपास घसरली. खर्च मात्र होता तिथेच राहिला. त्यातच कोरोना आला आणि पर्यटन ठप्प झालं. संकट कोणत्याही देशावर येऊ शकतं, त्यासाठी तिजोरीत थोडी जागा राखायची असते. श्रीलंकेने ती जागा आधीच वाटून टाकली होती.

दुसरी गोष्ट न छापलेल्या उधारीची, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. तिथे पेट्रोल-डिझेल सरकारी तेल महामंडळ खर्चापेक्षा कमी दरात विकत होतं. विजेचे दर तर सुमारे नऊ वर्षं वाढवलेच नव्हते. सामान्य माणसाला वाटणार, सरकार किती चांगलं! पण फरकाचे पैसे कोण भरत होतं? ही महामंडळं सरकारी बँकांकडून कर्ज काढत होती. अंदाजपत्रकात ते सरकारचा खर्च म्हणून दिसत नव्हतं. महामंडळ बुडालं तर मात्र भरणार सरकारच, म्हणजे जनताच. यालाच राजकोषीय जोखीम म्हणतात. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये विजेचे दर सरासरी ७५ टक्क्यांनी वाढवावे लागले. दरवर्षी थोडं थोडं देणं जड गेलं नसतं, ते एकदम द्यावं लागलं, आणि तेही लोकांच्या हातात पैसा नसताना.

तिसरी गोष्ट परकीय कर्जाची. कर्ज डॉलरमध्ये घेतलं की फेडायलाही डॉलर लागतात, आणि आपलं सरकार ते छापू शकत नाही. २०२० मध्ये पतमानांकन घसरलं आणि जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळेनासं झालं. २०१९ च्या अखेरीस सुमारे साडेसात अब्ज डॉलर असलेली परकीय गंगाजळी आटत गेली. मे २०२२ मध्ये तिथल्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की वापरता येण्याजोगे ५ कोटी डॉलरही उरलेले नाहीत. त्याआधी एप्रिलमध्येच देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली होती, १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. सप्टेंबरपर्यंत महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली. ज्या मूल्यवर्धित कराच्या कपातीवर टाळ्या पडल्या होत्या, तो जानेवारी २०२४ पासून १८ टक्के झाला.

मग आपलंही असंच होणार का? नाही, थेट तुलना योग्य नाही. आपल्या सरकारांचं बहुतेक कर्ज देशातलंच आणि रुपयातलं आहे. २००३ पासून वित्तीय शिस्तीचा कायदाही आहे. तरी निश्चिंत राहण्यात शहाणपण नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२२ च्या मासिक पत्रिकेत श्रीलंकेच्या संकटाचा उल्लेख करूनच राज्यांच्या वित्तीय जोखमीवर लेख आला होता. आणि वीज कंपन्यांची गोष्ट आपल्याकडेही घडलेली आहे. २०१५ च्या 'उदय' योजनेत सहभागी राज्यांनी आपल्या वीज वितरण कंपन्यांचं ७५ टक्के कर्ज स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं ठरलं. कालपर्यंत कंपनीचं असलेलं कर्ज राज्याचं झालं. राज्य सरकार महामंडळांच्या कर्जाला हमी देतं, तेव्हा त्या दिवशी तिजोरीतून रुपयाही जात नाही. म्हणून कुणी विचारत नाही. पण जामीन राहिलेल्या माणसाची काय अवस्था होते, हे आपल्या गावांत कुणाला सांगायला नको.

काही जण म्हणतील, मग सरकारने खर्चच कमी करावा. मला हे पटत नाही. शाळा, लसीकरण, पाणी, रस्ते यांवरचा खर्च पुढे देशाचं उत्पन्न वाढवतो. गरिबाला मदतही द्यायलाच हवी. माझा आग्रह इतकाच आहे की जे द्यायचं ते उघडपणे, अंदाजपत्रकात लिहून द्यावं. अनुदान असेल तर अनुदान म्हणून दाखवावं, महामंडळाच्या तोट्यात लपवू नये. लपवलेल्या खर्चावर चर्चा होत नाही, म्हणून त्याला लगामही बसत नाही. ऋण काढून सण करणं वाईटच, पण ऋण काढल्याचं घरात न सांगणं त्याहून वाईट.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. हा घटक शिकवताना व्याख्यांच्या जोडीला मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावूया. कोणतीही घोषणा ऐकली, मग ती करसवलतीची असो, स्वस्त विजेची असो की मोठ्या प्रकल्पाची, तर विचारायचं : याचे पैसे कुठून येणार? ते अंदाजपत्रकात दिसतात का? आणि ठरल्याप्रमाणे घडलं नाही तर कोण भरणार? अर्थसंकल्पाच्या दिवशीचं वर्तमानपत्र वर्गात आणा, एकच घोषणा निवडा आणि गटात चर्चा घ्या. एक तास पुरतो.

पालकांनीही घरात हे बोलावं. आज दहावी-बारावीत असलेली मुलं दोन-तीन वर्षांत मतदार होणार आहेत. "काय मिळणार?" हा प्रश्न त्यांना कुणी शिकवायला नको. "कोण भरणार?" हा प्रश्न मात्र शिकवावा लागतो, कारण आजच्या उधारीचे हप्ते त्यांच्याच कमाईतून जाणार आहेत.